ट्यूब प्रीअँप घेताना ट्यूबच्या आधी काय बघायचं

प्रश्न असा आला आहे: नाशिकच्या इंदिरानगरमधला फ्लॅट, बारा बाय चौदा फुटांचा हॉल, बुकशेल्फ स्पीकर, ५० वॉटचा ट्रान्झिस्टर पॉवर अँप, डॅकवरून (डिजिटल गाण्याचा सिग्नल बनवणारा डबा) गाणी आणि वडिलांचा जुना टर्नटेबल, त्याला एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा भाग. ऐकणं बहुतेक ख्याल आणि नाट्यगीतं, अधूनमधून जॅझ. हाताशी साठ हजार रुपये. १२एएक्स७ ट्यूबचा प्रीअँप (पॉवर अँपच्या आधी सिग्नल आणि व्हॉल्यूम सांभाळणारा डबा) घ्यावा का, आणि ऑनलाइन पाच-सहा हजारांत मिळणाऱ्या ट्यूब प्रीअँपमध्ये काही अर्थ आहे का?

आधी निकाल सांगतो, कारणं मागून देतो. १२एएक्स७ वर चालणारा, भरपूर गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) असलेला लाइन प्रीअँप, म्हणजे डॅकसारख्या मोठ्या सिग्नलसाठीचा प्रीअँप, तुमच्या सिस्टिमला नको. ६एसएन७ किंवा १२एयू७ वर बेतलेला, १२ डेसिबलच्या आत गेन असलेला, आउटपुट इम्पीडन्स (बाहेर जाणाऱ्या सिग्नलच्या वाटेतला अडथळा) एक किलोओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि ट्रान्सफॉर्मर २३०-२४० व्होल्टसाठी गुंडाळलेला, असा प्रीअँप शोधा. टर्नटेबलसाठी फोनो स्टेज (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) वेगळा घ्या आणि सध्या तो ट्रान्झिस्टरचाच घ्या. पाच-सहा हजारांच्या बहुतेक डब्यांना माझा नकार आहे.

आता गेनचं गणित. डॅकमधून पूर्ण आवाजाला साधारण २ व्होल्ट बाहेर येतात, सीडी प्लेअरच्या काळापासून हाच पायंडा आहे. तुमचा ५० वॉटचा अँप ८ ओहमच्या स्पीकरला पूर्ण ताकदीने चालतो तेव्हा स्पीकरच्या टोकांवर २० व्होल्ट असतात. अशा अँपचा गेन बहुधा २६ डेसिबल, म्हणजे वीस पट असतो. म्हणजे त्याला पूर्ण ५० वॉट द्यायला इनपुटवर १ व्होल्ट पुरतो, आणि डॅक तर २ देतोय. घरात रात्री जेवण झाल्यावर आपण ऐकतो तेव्हा स्पीकरला सरासरी एक वॉटही जात नाही. एक वॉट म्हणजे ८ ओहमवर २.८३ व्होल्ट, आणि त्यासाठी अँपच्या इनपुटला ०.१४ व्होल्ट लागतात. हिशेब नीट पाहिला तर लक्षात येईल की डॅककडून येणाऱ्या सिग्नलला वाढवायची गरजच नाही, तो कमी करायचा आहे.

इथे १२एएक्स७ आणून बसवली की काय होतं? या ट्यूबचा अँप्लिफिकेशन फॅक्टर १००. फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत मागे देऊन गेन कमी करणं) न देता साध्या सर्किटमध्ये ती सहज पन्नास पट वाढवते. मग व्हॉल्यूमची नॉब घड्याळाच्या काट्यासारखी सातवरून आठवर नेली की शेजारी दार वाजवतात, आणि नऊच्या पुढे नॉब कधी जातच नाही. नॉबच्या त्या पहिल्या टप्प्यात बहुतेक पॉट (नॉबच्या मागचा व्हॉल्यूमचा भाग) डाव्या-उजव्या चॅनेलला सारखं धरत नाहीत, त्यामुळे गायक मधोमध न राहता एका स्पीकरकडे सरकतो. त्याहून वाईट गोष्ट अशी की बहुतेक प्रीअँपमध्ये व्हॉल्यूम कंट्रोल ट्यूबच्या आधी असतो. सिग्नल तुम्ही कमी करता, पण ट्यूबची स्वतःची सरसर आणि हिटरचा (ट्यूब तापवणाऱ्या तारेचा) हम त्या पॉटच्या पुढे तयार होतो, म्हणून तो जशाच्या तसा पॉवर अँपकडे जातो आणि वीस पट होतो. ख्यालाच्या सुरुवातीला नुसता तानपुरा चालू असतो तेव्हा हे उघडं पडतं.

१२एएक्स७ वाईट आहे असं मी म्हणत नाही. मरांट्झच्या मॉडेल ७ मध्ये सहाच्या सहा ट्यूब याच जातीच्या होत्या आणि तो प्रीअँप आजही लोक शोधत असतात. पण तो १९५० च्या दशकाच्या अखेरीचा. त्या काळच्या ट्यूनर आणि टेपचा सिग्नल लहान असायचा आणि पुढचे पॉवर अँपही ट्यूबचेच, त्यांचा इनपुट इम्पीडन्स मोठा. तेव्हा एवढा गेन लागायचा. २ व्होल्टच्या डॅकला तो लागत नाही.

१२एयू७ चा फॅक्टर १७ ते २० च्या दरम्यान, ६एसएन७ चा २०. तरी साध्या सर्किटमध्ये त्याही बारा-पंधरा पट वाढवतात, म्हणून नुसतं ट्यूबचं नाव बघून भागत नाही. सर्किटमध्ये फीडबॅक देऊन किंवा कॅथोड फॉलोअर (सिग्नल न वाढवता आउटपुट इम्पीडन्स कमी करणारी ट्यूबची जोडणी) वापरून गेन खाली आणलाय का, हे कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये डेसिबलमध्ये लिहिलेलं असतं. ते लिहिलेलंच नसेल तर विक्रेत्याला विचारा, आणि त्यालाही माहीत नसेल तर तो नग सोडून द्या. शीट या कंपनीच्या फ्रेया प्लस या प्रीअँपचं उदाहरण देतो: चार ६एसएन७ आहेत, आणि ट्यूब वगळून पॅसिव्ह किंवा नुसत्या बफरवरही (सिग्नल न वाढवता पुढे देणारं सर्किट) तो चालवता येतो. परदेशातून मागवला तर कस्टम ड्यूटी धरून तो तुमच्या बजेटच्या वर जाईल, पण ही सोय किती कामाची आहे ते लक्षात घ्या. ट्यूबमुळे खरंच काय बदलतंय हे घरबसल्या, एका बटणावर ऐकता येतं.

दुसरी गोष्ट आउटपुट इम्पीडन्सची. ट्यूब प्रीअँप आणि ट्रान्झिस्टर पॉवर अँप यांचं बिनसतं ते बहुतेक वेळा इथेच. ट्यूब पॉवर अँपचा इनपुट इम्पीडन्स १०० किलोओहम किंवा त्याहूनही जास्त असायचा. ट्रान्झिस्टरच्या अँपचा ४७, २० किंवा अगदी १० किलोओहमही असतो. प्रीअँपचा आउटपुट इम्पीडन्स याच्या एक दशांश किंवा कमी हवा. कॅथोड फॉलोअर नसलेल्या १२एएक्स७ चा आउटपुट इम्पीडन्स चाळीस किलोओहमच्या घरात जातो. तो १० किलोओहमच्या अँपला जोडला तर सिग्नलचा बराचसा भाग जोडणीतच जातो.

आणि मग बास. ट्यूबच्या प्लेटवर, म्हणजे वाढवलेला सिग्नल जिथून निघतो तिथे, दीडशे-दोनशे व्होल्ट डीसी असतात, ते पुढे जाऊ नयेत म्हणून आउटपुटला कपॅसिटर लावलेला असतो. हा कपॅसिटर आणि पुढच्या अँपचा इनपुट इम्पीडन्स मिळून खालचा आवाज कुठे कापला जाईल ते ठरतं. ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४७ किलोओहमवर ७ हर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे उत्तम. तोच १० किलोओहमवर ३४ हर्ट्झलाच उतरायला लागतो, आणि त्याचा परिणाम वरच्या पट्टीतही थोडा जाणवतो. डग्ग्याची घुमक बारीक होते, मींड घेताना जो दाब जाणवायला हवा तो येत नाही. लोक म्हणतात ट्यूबचा बास सैल असतो. माझ्या टेबलावर अशी तक्रार घेऊन आलेल्या कित्येक प्रीअँपमध्ये ट्यूब ठणठणीत होत्या, आउटपुट कपॅसिटर २.२ मायक्रोफॅरडचा केला आणि काम झालं. तेव्हा तुमच्या पॉवर अँपच्या पुस्तिकेत इनपुट इम्पीडन्स किती लिहिलाय ते आजच बघा. हा एक आकडा हातात असला तर अर्धी निवड झाली.

ज्यांच्याकडे सुटा पॉवर अँप नसून इंटिग्रेटेड (प्रीअँप आणि पॉवर अँप एकाच डब्यात) आहे त्यांनी मागच्या बाजूला 'मेन इन', म्हणजे थेट पॉवर अँपकडे जाणारा इनपुट, आहे का ते पाहावं. नसेल तर ट्यूब प्रीअँप ऑक्समध्ये जाईल, म्हणजे एका प्रीअँपपुढे दुसरा प्रीअँप. चालतं, पण गेनचा वरचा सगळा त्रास दुप्पट होतो. त्यांनी नुसता ट्यूब बफर बघावा.

आता विजेकडे येतो, कारण नाशिकमध्ये बसून प्रीअँप घेताना याचा विचार अमेरिकेतले समीक्षक तुमच्यासाठी करणार नाहीत. ट्यूबचा हिटर ६.३ व्होल्टचा असतो. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, दहा टक्क्यांच्या पुढे ट्यूबचं आयुष्य कमी होऊ लागतं. चीनमधून येणारे बरेच प्रीअँप २२० व्होल्टसाठी गुंडाळलेले असतात. आपल्याकडे अधिकृत आकडा २३०. पण रात्री अकरानंतर, आजूबाजूचे एसी आणि पंप बंद झाले की, काही भागांत घरातल्या सॉकेटला २४५ मिळतात. २२० च्या ट्रान्सफॉर्मरला २४५ दिले तर ६.३ चे ७ व्होल्ट होतात. अकरा टक्के जास्त. प्लेटचा पुरवठाही त्याच प्रमाणात चढतो: २५० चे २७८ होतात, आणि आत ३०० व्होल्टचे कपॅसिटर असतील तर हात राखून काही उरत नाही.

म्हणून मल्टिमीटर घेऊन एका रविवारी सकाळी, दुपारी आणि रात्री उशिरा तुमच्या हॉलमधल्या सॉकेटचं व्होल्टेज लिहून ठेवा. प्रोब जपून, बोटं धातूपासून लांब. आकडा २४० च्या वर जात असेल तर २४० चा टॅप असलेलाच प्रीअँप घ्या. तसा मिळत नसेल तर चांगला स्टॅबिलायझर, नाहीतर नवीन ट्रान्सफॉर्मर. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीमुळे आपल्याकडे वाइंडिंग करणाऱ्यांची वानवा नाही. २४० चा प्रायमरी, हिटरसाठी जाड तारेचा सेकंडरी आणि मध्ये स्टॅटिक शील्ड असं लिहून दिलं तर नीट काम होतं. हिटरला रेग्युलेटेड डीसी असलेले प्रीअँप या चढउतारातून बरेच वाचतात, हमही कमी करतात. दोन सारख्या किमतींत हा फरक असेल तर मी डोळे झाकून डीसी हिटरवाला घेईन.

अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाकडून सेकंडहँड मागवायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो १२० व्होल्टचा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच. शिवाय मागच्या पट्टीवर ५०/६० हर्ट्झ असं लिहिलंय का ते फोटो मागवून तपासा. फक्त ६० लिहिलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर जास्त तापतो आणि घूं-घूं करतो.

पाच-सहा हजारांच्या डब्यांबद्दल. यातले बरेच १२ किंवा २४ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. छोटी ट्यूब वर उभी केलेली असते, खाली नारिंगी एलईडी असतो म्हणून ती छान पेटलेली दिसते, आणि काम मात्र बरंचसं आतला ऑप-अँप, म्हणजे अँपची चिप, करतो. १२एएक्स७ च्या डेटाशीटमध्ये प्लेटला १०० आणि २५० व्होल्ट देऊन आकडे दिलेले आहेत. तिला २४ वर चालवलं तर ती अशा भागात काम करते जिथे सिग्नल सरळ प्रमाणात वाढत नाही, आणि विकृती वाढते. काही जणांना तो रंग आवडतो, गोडवा वाटतो. पण तो गोडवा सगळ्या रेकॉर्डवर सारखाच फासला जातो, मग सारंगी आणि हार्मोनियममधलं अंतर कमी व्हायला लागतं. अपवाद आहेत: काहींमध्ये आत स्विचिंग सर्किटने दीडशे-दोनशे व्होल्ट बनवतात. त्यामुळे विचारायचा प्रश्न एकच, प्लेटला किती व्होल्ट आहेत? शंभरच्या खाली उत्तर आलं तर पैसे वाचवा.

फोनो मी वेगळा आणि ट्रान्झिस्टरचा का सांगतोय? एमएम कार्ट्रिजमधून साधारण ५ मिलिव्होल्ट येतात. त्याला शंभर पट, म्हणजे ४० डेसिबल वाढवावं लागतं. वर १९५४ पासून रुळलेलं आरआयएए इक्वलायझेशन: रेकॉर्डवर बास दाबून कापलेला असतो, तो फोनो स्टेजमध्ये परत उचलावा लागतो. ५० हर्ट्झला हा उठाव १ किलोहर्ट्झच्या तुलनेत १७ डेसिबल आहे, सात पट. म्हणजे आपल्या विजेची जी फ्रिक्वेन्सी, नेमकी तीच सात पट जास्त वाढते. ट्यूबमध्ये हे शांतपणे करायचं तर उत्तम पुरवठा, डीसी हिटर, निवडून घेतलेल्या कमी आवाजाच्या ट्यूब आणि काळजीपूर्वक वायरिंग लागतं, आणि त्याला पैसे पडतात. साठ हजारांत लाइन आणि फोनो दोन्ही ट्यूबचे घ्यायला गेलात तर दोन्हीकडे तडजोड होईल. ४७ किलोओहमचा साधा, चांगला ट्रान्झिस्टर फोनो सात-आठ हजारांत बसवा, उरलेले सगळे लाइन प्रीअँपला. वडिलांच्या संग्रहात ७८ च्या तबकड्या असतील तर त्यांना वेगळी, जाड सुई लागते हेही सांगून ठेवतो. एलपीच्या सुईने त्या लावू नका.

ऐकून बघताना एक गोष्ट कसोशीने पाळा, आणि यावर मी आग्रही आहे: दोन प्रीअँपची तुलना आवाजाची पातळी सारखी केल्याशिवाय करायची नाही. दुकानात काय होतं, विक्रेता केबल बदलतो, नवीन प्रीअँपचा गेन दोन डेसिबल जास्त असतो, आणि सगळे एकदम म्हणतात, वा, केवढा खुलला! कानाला थोडा मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो, मोठा आहे हे कळतही नाही. फोनवर ४०० किंवा १००० हर्ट्झचा टेस्ट टोन घ्या, तो सिस्टिमवर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरा. ४०० बरा, कारण स्वस्त मीटर हजार हर्ट्झला चुकतात. पहिल्या प्रीअँपवर १.०० व्होल्ट करा, दुसऱ्यावर ०.९८ ते १.०२ च्या आत आणा. मग गाणं लावा. निम्मे फरक इथेच गळून पडतात. जे उरतात ते खरे, आणि त्यांच्यासाठी पैसे द्यायला हरकत नाही.

लावायचं काय? तुम्ही ख्याल ऐकता, तर नाशिकमध्येच जन्मलेले पं. द. वि. तथा बापूराव पलुस्कर घ्या. ते १९५५ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची सगळी ध्वनिमुद्रणं मोनो आणि त्या काळच्या मर्यादेतली आहेत. चांगल्या प्रीअँपवर त्यांचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, एका जागी उभा राहतो. तो पसरला किंवा आवाज कमी-जास्त करताना सरकला, तर पॉट किंवा ट्यूबची जोडी जुळलेली नाही. नंतर अलीकडचं, स्वच्छ मुद्रित केलेलं, ज्यात तानपुरा आणि डग्गा नीट ऐकू येतो असं काहीही लावा.

गाणं थांबवून कान ट्वीटरला लावा. हलकी सरसर आली तर चालेल, ऐकायच्या जागेवरून ती ऐकू यायला नको. गुणगुण आली तर व्हॉल्यूम फिरवून बघा: बदलत असेल तर ती पॉटच्या आधीची, म्हणजे केबल किंवा डॅककडची. बदलत नसेल तर प्रीअँपच्या आतली. मग पेन्सिलच्या मागच्या रबराने प्रत्येक ट्यूबला हळूच टिचकी मारा. टिंग असा आवाज स्पीकरमधून आला आणि लगेच विरला तर ठीक, घुमत राहिला तर ती ट्यूब मायक्रोफोनिक आहे, बदलून मागा. चालू करताना आणि बंद करताना स्पीकरमधून धप्प आवाज येतो का तेही बघा. ज्यात म्यूटिंग रिले आहे तो तीसेक सेकंद गप्प राहून मग उघडतो, तसा असेल तर उत्तम. नसेल तर सवय लावून घ्या: प्रीअँप आधी चालू, पॉवर अँप शेवटी. बंद करताना उलट.

घरी आणल्यावर हम आला तर पहिला संशय ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन उपकरणांचा अर्थ एकापेक्षा जास्त वाटांनी जोडला गेल्याचा. डॅक लॅपटॉपला यूएसबीने जोडला असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, केबल टीव्हीचा बॉक्स त्याच सिस्टिमला असेल तर त्याची वायर काढून बघा. सगळे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. काही जण अर्थची पिन तोडून हम घालवतात. हे कधीही करू नका. या डब्यात तीनशेच्या आसपास व्होल्ट आहेत, आतली एक वायर सुटून पत्र्याला लागली तर वाचवणारी गोष्ट तेवढी एकच असते. पंचवटीतल्या किंवा रविवार कारंजाजवळच्या जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असतं, तिथे आधी वायरमन बोलवा, नंतर प्रीअँप.

ट्यूब बदलून बघायची हौस पुढे होईलच. १२एएक्स७, १२एटी७ आणि १२एयू७ एकाच सॉकेटमध्ये बसतात, पण त्यांचा गेन आणि बायस वेगळा, सर्किट ज्यासाठी बनवलंय तीच ठेवा. ६डीजे८ म्हणजे ईसीसी८८ दिसायला तशीच, नऊ पिनांची, पण हिटरची जोडणी वेगळी आणि प्लेटची मर्यादा १३० व्होल्ट. ती चुकून लावली तर गेली. नवीन उत्पादनात जेजे आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्स यांच्या ट्यूब भरवशाच्या आहेत. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेल्या ट्यूब अजूनही जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांच्या खोक्यांत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सापडतात. चांगल्या आहेत, पण टेस्टरवर मोजून आणि दोन्ही सेक्शन जुळतात का बघूनच घ्या. नीट चालवलेली लहान सिग्नल ट्यूब पाच ते दहा हजार तास जाते, रोज तीन तास ऐकलं तरी चार-पाच वर्षं निर्धास्त. एक जादा जोडी घरात ठेवा, त्याहून जास्त साठवायची गरज नाही.

ठेवायची जागा उघडी हवी. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात नको, पॉवर अँपच्या डोक्यावर नको, स्पीकर ठेवलेल्या फळीवर तर नकोच. आपल्याकडे वस्तू झाकून ठेवायची पद्धत आहे, पण कापड घालायचं ते पूर्ण गार झाल्यावर. मागच्या जाळीची भोकं मोठी असतील तर बारीक धातूची जाळी लावून घ्या: उबेला पाल आत जाते आणि प्लेटच्या पुरवठ्यावर शॉर्ट होऊन मरते, सोबत रेझिस्टरही नेते. पावसाळ्यात आठवडाभर बंद राहिला तर सॉकेट आणि पॉट कुरकुर करू लागतात, म्हणून दोन-तीन दिवसांनी तासभर चालू करा. झाकण मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

नवीन ट्यूबमधला दोष असेल तर तो बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत दिसतो. म्हणून घेताना परत करायची मुदत लेखी घ्या, त्या मुदतीत रोज दोन-तीन तास चालवा, रात्रीचं व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं तेव्हाही चालवा, आणि तोवर खोका व आतलं पॅकिंग जपून ठेवा.